आधीची गोळी, नंतरची गोळी आणि पहिल्या दिवसापासून उपचार : एचआयव्हीबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाचणी केंद्रात समुपदेशकाच्या खुर्चीत बसलं की एक गोष्ट लवकरच कळते. समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न हा त्याचा खरा प्रश्न नसतो. "मच्छर चावल्यानं होते का जी?" असं विचारणाऱ्याला मच्छराची काही पडलेली नसते. चहा येतो, पंख्याच्या वाऱ्यावर कागद उडतात, आणि मग हळूच येतं, "मागच्या शनिवारी..." त्या शनिवारपासून किती तास, किती दिवस गेले, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून या पानावर प्रश्नांचा क्रम घाईचा आहे. ज्याच्याकडे वेळ कमी, त्याचा प्रश्न सगळ्यात वर.

काल रात्री कंडोम फाटला. खरं तर वापरलाच नव्हता. आता काय करू?

उरलेलं पान नंतर वाचा. आधी रुग्णालयात जा.

संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायचा औषधांचा एक कोर्स असतो, त्याला पीईपी म्हणतात. रोज एक वेळ, सलग २८ दिवस. ७२ तास ही शेवटची गाडी समजा. पहिली गोळी दोन तासांत पोटात गेली तर सर्वांत चांगलं आणि जितका उशीर तितका उपयोग कमी. कारण सोपं आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर आधी जागच्या पेशींमध्ये पाय रोवतो, मग लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतो. एकदा तिथे त्याने घर केलं की गोळी त्याला बाहेर काढू शकत नाही.

माझ्याकडे एक मुलगा पाचव्या दिवशी आला होता. शुक्रवारी रात्री घटना, शनिवार-रविवार आणि सोमवारची सुटी, "ओपीडी उघडल्यावर येऊ म्हटलं मॅडम." ओपीडी बंद असते, कॅज्युअल्टी बंद नसते. मेडिकल असो की मेयो, नागपुरातल्या या दोन्ही मोठ्या सरकारी रुग्णालयांचा आकस्मिक विभाग रात्री तीनलाही चालू असतो. तिथे गोलगोल बोलू नका. "एचआयव्हीचा धोका असलेला संबंध अमुक वाजता झाला, मला पीईपी हवी आहे" एवढं एक वाक्य पुरेसं आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्या. वाक्य पुन्हा म्हणा आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचारांच्या, केंद्राच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.

तुमची चाचणी त्याच वेळी होईल, पण तिच्या निकालासाठी पहिली गोळी थांबवायची नसते. समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही आहे पण ती उपचार घेते आणि तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे, हे पक्कं ठाऊक असेल तर तेही सांगा, मग कदाचित गोळीची गरजच पडणार नाही. पुढच्या चाचण्या सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी होतात. आणि २८ म्हणजे २८. दहाव्या दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडणारे पुष्कळ भेटतात. बरं वाटायला मुळात काही बिघडलेलंच नसतं, त्यामुळे ती खूण धरू नका.

बळजबरी झाली असेल तर?

हेच औषध, हीच घाई. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला तातडीने आणि विनामूल्य उपचार देणं सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसांत तक्रार करा, मग या, असं कुणालाही म्हणता येत नाही. सोबत गर्भनिरोधक गोळी आणि इतर लैंगिक आजारांवरचं औषधही मागून घ्या. सोबत कुणीतरी असू द्या, फॉर्म भरायला का होईना.

७२ तास उलटून गेले. आता?

आता पीईपीचा उपयोग नाही. मेडिकल स्टोअरवाल्या मित्राकडून गोळ्या आणून घरी कोर्स करू नका. संसर्ग झालाच असेल तर अर्धवट औषधाने निदान लांबतं आणि विषाणूला त्या औषधाची सवय लागू शकते.

आज एक चाचणी करा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर दुसरी. मधल्या काळात दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं काही झालं तर डॉक्टरांना संबंधाची गोष्ट सांगा. नागपुरात पावसाळ्यात तापाचा माणूस डेंग्यूची तपासणी करून घरी जातो आणि मूळ कारण तसंच राहतं. या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड असतो, म्हणजे दुसऱ्याला लागण होण्याची शक्यताही याच काळात सर्वांत जास्त. तोवर कंडोम. आणि रक्तदान अजिबात नाही. "रक्तदान केलं की फुकटात चाचणी होते" हा सल्ला देणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याला हे पान दाखवा. नुकती झालेली लागण चाचणीत सुटू शकते आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जातं.

एकदाच झालं होतं. एकदाच्यात होते का?

होऊ शकतं, पण बहुतेक वेळा होत नाही. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या व्यक्तीबरोबरच्या संबंधांचा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. गुदमैथुनात आत घेणाऱ्या जोडीदाराला दर १०,००० वेळांमागे सुमारे १३८ वेळा लागण होते, योनीसंबंधात स्त्रीला सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४ वेळा. इंजेक्शनची सुई वाटून घेतली तर सुमारे ६३. आकडे लहान दिसतात, पण जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल किंवा कुणाला गरमी, परमा यांसारखा गुप्तरोग असेल तर ते बरेच वर जातात. शिवाय "एकदाच"ची पुढे सवय होते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. पुढचे प्रश्न त्या सवयीबद्दलच आहेत.

चाचणी कुठे होते? कुणाला कळेल का?

सरकारी चाचणी केंद्राला सगळे आयसीटीसी म्हणतात. मेडिकल, मेयो, डागा स्त्री रुग्णालय आणि तालुक्याची रुग्णालयं, सगळीकडे आहे. पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशन, मग दंडातून थोडं रक्त, मग निकाल आणि पुन्हा समुपदेशन. पहिल्या चाचणीत काही आढळलं तर त्याच नमुन्यावर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या होतात. तिन्ही जुळल्याशिवाय कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. म्हणून खासगी प्रयोगशाळेतली एकच रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेल्या माणसाला मी आधी पाणी देते आणि पुन्हा चाचणी करायला लावते.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे.

प्रेप म्हणजे हीच गोळी का?

नाही. पीईपी घटनेनंतर घेतात, प्रेप घटनेआधी. प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्या माणसाने, आपल्याला होऊ नये म्हणून घेतलेलं औषध. एका गोळीत बहुधा टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं असतात. मलेरियाच्या भागात जाणारा माणूस आधीच गोळ्या सुरू करतो, त्यातलाच हा प्रकार.

रोज नियमाने घेतली तर शरीरसंबंधातून होणारी लागण ती सुमारे ९९ टक्क्यांपर्यंत टाळते. यातला "नियमाने" हा शब्द महत्त्वाचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स या पहिल्या मोठ्या अभ्यासात एकूण घट ४४ टक्केच दिसली होती. नंतर रक्तात औषध सापडतं का ते पाहिलं, तेव्हा कळलं की अनेकांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या आणि ज्यांच्या रक्तात औषध होतं त्यांना संरक्षण कितीतरी जास्त मिळालं होतं. डबीत राहिलेली गोळी कुणालाच वाचवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, मोठा धोका असलेल्या प्रत्येकाला प्रेपचा पर्याय द्यावा अशी शिफारस केली.

गर्भधारणा, गरमी, परमा, कावीळ-बी यांपासून प्रेप वाचवत नाही. त्यासाठी कंडोम आणि लस हेच.

ही गोळी घेतली म्हणजे मी "तसा" आहे असं होईल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा, सर्वांत हळू आवाजात विचारला गेला आहे.

वाडीच्या ट्रान्सपोर्टनगरात मुक्कामाला थांबणारा चालक घ्या. नागपूर म्हणजे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांचा चौक, देशभरचे ट्रक इथून जातात आणि तो महिन्यातून चार दिवस घरी असतो. पुरुषांशी संबंध ठेवणारा आणि बायकोलाही काही न सांगितलेला बँकेतला माणूस घ्या. गंगाजमुना वस्तीत धंदा करणारी ताई घ्या, जिला गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन कंडोम नको म्हणतं. तृतीयपंथी घ्या. सुईने नशा करणारा पोरगा घ्या. आणि जिचा नवरा एचआयव्ही घेऊन जगतोय पण ज्याचे उपचार नुकतेच सुरू झालेत, अशी बुटीबोरीची गृहिणी घ्या. प्रेप या सगळ्यांच्या कामाची आहे. यात "तसा" कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्वतःला दोनच प्रश्न विचारा. गेल्या सहा महिन्यांत कंडोमशिवाय असा संबंध आला का, ज्यात समोरच्याचं काही ठाऊक नव्हतं? पुढच्या सहा महिन्यांत येऊ शकतो का? दोन्हीला "हो" असेल तर डॉक्टरांशी बोला.

सुरू करण्याआधी काय तपासतात? रोज घ्यावी लागते का?

आधी एचआयव्हीची चाचणी, ती निगेटिव्ह हवी. लागण असताना प्रेपच्या दोन औषधांवर राहिलात तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो, पूर्ण उपचारात औषधं तीन असतात. मग क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम, आणि कावीळ-बी. सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी.

इथे विदर्भाची म्हणून एक गोष्ट. तुम्हाला किंवा घरात कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडावर आधीच ताण असतो आणि टेनोफोविरही तिथूनच बाहेर पडतं. बाहेरगावच्या डॉक्टरांच्या हे डोक्यात येईलच असं नाही. कावीळ-बी असणाऱ्यांनीही गोळी मनाने सुरू किंवा बंद करू नये, बंद केल्यावर यकृताचा आजार उसळू शकतो.

गोळी सुरू केली की संरक्षण लगेच मिळत नाही. डॉक्टर संबंधाच्या प्रकारानुसार सात ते एकवीस दिवस रोज घ्यायला सांगतात. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी लागेल तेव्हाची पद्धतही आहे. संबंधाआधी २ ते २४ तासांत दोन गोळ्या, पहिल्या डोसनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. ही पद्धत स्त्रियांसाठी नाही, त्यांनी रोजच घ्यायची.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं होतं काहींना. बहुतेकांचं आपोआप जातं.

नागपुरात प्रेप मिळते कुठे?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या मार्गदर्शक सूचनांत प्रेप आहे. पण एआरटीच्या गोळ्यांसारखी ती प्रत्येक सरकारी खिडकीवर फुकट मिळेल असं धरून जाऊ नका. सध्या बहुतेकांना डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती विकतच घ्यावी लागते. आपल्या देशात बनलेली जेनेरिक गोळी घ्या आणि दोन-तीन दुकानांत भाव विचारा, फरक चांगलाच असतो. संसर्गजन्य रोगांचे किंवा गुप्तरोगांचे डॉक्टर गाठा. तुमच्या भागात समुदायाची स्वयंसेवी संस्था काम करत असेल तर तिथला फिल्डवर्कर योग्य डॉक्टरांचं नाव सांगेल, आणि तो जे नाव सांगतो त्या दवाखान्यात अपमान होत नाही हे त्याने आधी तपासलेलं असतं. मला विचाराल तर ही गोळी सरकारी खिडकीवर सर्रास मिळायला हवी. एका माणसाच्या आयुष्यभराच्या उपचारांपुढे तिचा खर्च काय आहे?

वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणतात, खरं का?

खरं आहे. औषधाचं नाव लेनाकापाविर. दर सहा महिन्यांनी पोटाच्या त्वचेखाली देतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवरच्या अभ्यासात हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. २०२४ मध्ये हा निकाल आला तेव्हा या क्षेत्रातली जाणती माणसंही चकित झाली. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्यांत डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्या आहेत.

पण उद्या सकाळी सीताबर्डीवर जाऊन मागू नका, ते एवढ्यात होणारं नाही. तोवर गोळी आहे.

"मले काही झालं नाही, वजनही चांगलं आहे. मंग गोळ्या काहून खाऊ?"

पॉझिटिव्ह निकालानंतरचा हा प्रश्न. त्याला एक जुना इतिहास आहे, त्यामुळे विचारणाऱ्याला दोष देत नाही.

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली तेव्हा सीडी४ पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध मिळत नसे. मग मर्यादा ३५० झाली, मग ५००. त्या काळात ज्याचा भाऊ किंवा काका मेडिकलच्या चकरा मारत होता, त्याच्या डोक्यात तेच पक्कं बसलं की पेशी कमी झाल्या की गोळ्या. २०१७ मध्ये हे बदललं. आता सीडी४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू, जमल्यास त्याच दिवशी, नाहीतर त्याच आठवड्यात. टीबी किंवा मेंदूज्वराची शंका असेल तरच डॉक्टर थोडं थांबतात.

बदल का झाला? २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात ४,६८५ जण होते, सगळ्यांचा सीडी४ ५०० च्या वर, म्हणजे सगळे दिसायला ठणठणीत. ज्यांनी लगेच औषध सुरू केलं त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी झाले. बाहेरून काही दिसत नसतं, तेव्हाही आत विषाणू रोज कुरतडत असतो. भिंतीला वाळवी लागली की रंग जसाच्या तसा राहतो, खिळा ठोकायला गेल्यावर कळतं.

आजची गोळी जुन्या गोळीसारखीही नाही. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर, तिन्ही एकात. दिवसातून एक. पूर्वीच्या औषधांनी गालफडं बसायची आणि चेहऱ्यावरून गावाला कळायचं. ती भीती अजून लोकांच्या मनात आहे, ज्यांच्यामुळे ती बसली ती औषधं मात्र बाजूला पडली आहेत.

मी गोळी खातो, त्याने माझ्या बायकोला कसा फायदा?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि नेमका हाच कमी विचारला जातो.

औषध नियमाने चाललं की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मशीनला तो दिसत नाही. याला अनडिटेक्टेबल म्हणतात. व्हायरल लोडची ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, सुरुवातीच्या सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. लोड असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. कमी होते असं नव्हे, होत नाही.

हे कुणाच्या आशेवर बेतलेलं नाही. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात १,७६३ जोडपी होती, प्रत्येकात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. त्यांपैकी काही जोडपी आपल्या पुण्याची होती. निम्म्यांना लगेच औषध दिलं, निम्म्यांना सीडी४ उतरल्यावर. २०११ मध्ये कळलं की लगेच औषध घेतलेल्या गटात जोडीदाराला झालेली लागण ९६ टक्क्यांनी कमी होती. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत लोड दबलेल्या जोडप्यांचे कंडोमशिवायचे हजारो संबंध मोजले. जोडीदाराकडून आलेली लागण : शून्य.

म्हणून उपचार हाही प्रतिबंधच आहे. गोळी एक जण खातो, राखण दोघांची होते.

याच्या मर्यादाही नीट ऐका. सुया वाटून घेण्याला हा नियम लावू नका. अंगावर पाजण्यालाही तो तसाच्या तसा लागू नाही. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत लोड परत वर चढतो. आणि पहिले सहा महिने, लोड दबल्याचा कागद हातात येईपर्यंत, कंडोम वापरा किंवा जोडीदाराने प्रेप घ्यावी. ही दोन औषधं एकाच घरात अशी खांदेपालट करू शकतात : त्याचा लोड दबेपर्यंत तिची प्रेप, नंतर तिची गोळी डॉक्टरांना विचारून बंद.

आम्हाला मूल हवंय. होईल का निरोगी?

हो. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईचे उपचार वेळेत सुरू झाले आणि बाळाला जन्मानंतर औषध मिळालं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते, लोड दबलेला असेल तर आणखी खाली. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीतच चाचणी करून घ्या. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात टाचेतल्या रक्ताच्या थेंबांवर होते. डागात मी अशा कितीतरी बाळांचे निगेटिव्ह कागद आज्यांच्या पदराच्या गाठीत बांधलेले पाहिले आहेत. दूध कोणतं पाजायचं ते डॉक्टरांशी बोलून एकदाच ठरवा, शेजारणीच्या सल्ल्याने रोज बदलू नका.

गोळी चुकली तर? आणि कशासोबत घेऊ नये?

आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी टेकली असेल तर तीच घ्या, दोन एकदम नको.

डोलुटेग्राविरचं अँटासिड, लोह आणि कॅल्शियम यांच्याशी जमत नाही. रात्री सावजी चापून आल्यावर अँटासिडचे दोन घोट आणि लगेच एआरटीची गोळी, असं केलंत तर औषध शोषलंच जात नाही. गोळी आधी घ्या आणि अँटासिड किमान दोन तासांनी. अँटासिड आधी घेतलंच असेल तर सहा तास थांबा. गरोदर बाईच्या लोहाच्या गोळीचंही हेच, दोन्ही एकदम घ्यायच्याच असतील तर निदान भरल्या पोटी तरी घ्याव्यात. मधुमेह असेल तर सांगा. मेटफॉर्मिन रक्तात वाढतं, म्हणून त्याचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं.

आणि उन्हाळा. या गोळ्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी. लपवायची जागा म्हणून डबी मोपेडच्या डिक्कीत ठेवणारे मला दरवर्षी भेटतात. घरात माठाशेजारी, सावलीत, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा.

"एचआयव्ही निगेटिव्ह करून देतो" म्हणणाऱ्या वैद्याकडे पैसे घालवू नका. एकाने माझ्या ओळखीतल्या कुटुंबाला एआरटी बंद करायला लावली होती. अकरा महिन्यांनी तो माणूस टीबी घेऊन वॉर्डात आला.

दर महिन्याला कामावरून सुटी कशी काढू?

तब्येत आणि लोड स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, मागा. तालुक्याजवळच्या लिंक एआरटी केंद्रातूनही घेता येतात. कामासाठी सुरतला, पुण्याला चाललात तर एआरटी केंद्राचं उपचारांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक सोबत घ्या आणि जाण्याआधी ट्रान्सफरची चिठ्ठी करून घ्या. औषध देशात कुठेही फुकट आहे, पण कागदाशिवाय नव्या केंद्रावर खेटे पडतात. एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्ही बाधितांना प्रवास सवलत आहे. तिच्यासाठी कार्ड वाहकाला दाखवावं लागतं आणि गावच्या गाडीत वाहक ओळखीचा निघतो, म्हणून बरेच जण तिकीट काढतात. सवलत अशी लाजेच्या पलीकडे ठेवणाऱ्याचं कौतुक करावं की काय, कळत नाही.

मालकाला कळलं तर नोकरी जाईल का?

२०१७ च्या कायद्याने एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर नाकारता येत नाही. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे. द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कागदावरचा कायदा आणि हिंगणा एमआयडीसीतला सुपरवायझर यांत अंतर असतं, हे मला मान्य आहे. म्हणून सांगायचंच नसेल तर सांगू नका. तुमच्यावर ती सक्ती नाही.

डास, ताट, संडास, मुका, न्हावी?

नाही, नाही, नाही, नाही. न्हाव्याकडे नवं ब्लेड मागा, ते कावीळ-बीसाठीही बरं. जत्रेतल्या गोंदणाऱ्याकडे एकच सुई सगळ्यांना असते, तिथे बसू नका.

मेडिकलमध्ये ओळखीचं कुणी भेटलं तर?

एवढ्या मोठ्या आवारात माणूस दाताला येतो, डोळ्याला येतो, मामाला डबा द्यायला येतो. "कुठं चालला?" याला "मामा भरती आहे" हे उत्तर माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांनी वापरलं आहे. तरी नकोच वाटत असेल तर मेडिकलच्या भागात राहणाऱ्याने मेयोत जावं, मेयोच्या भागातल्याने मेडिकलला. मेयो रेल्वे स्टेशनच्या जवळ असल्याने बाहेरगावच्यांनाही सोयीचं पडतं.

याशिवाय काही विचारायचं असेल तर?

१०९७ ला फोन लावा. राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत आहे. नाव सांगावं लागत नाही. मच्छरापासून सुरुवात केली तरी चालेल.